मोठ्या आकड्याचं कार्ड

आमच्या आईला गाडी चालवता येत नव्हती आणि ते तिने मनाला फार लावून घेतलं होतं. बाबांच्या स्कूटरवर मागे बसून तिने अख्खं नाशिक पाहिलं, पण आडवं. जाताना एक बाजू, येताना दुसरी. समोर म्हणाल तर कायम बाबांचा चौकटीचा शर्ट. "मला पण शिकायचंय," असं ती म्हणाली की बाबा पेपरात तोंड घालायचे.

दोन हजार तीन-चारच्या सुमारास भाऊ शिकायला पुण्याला गेला आणि त्याचा कॉम्प्युटर इंदिरानगरच्या आमच्या घरी राहिला. आईने धूळ पुसता पुसता कसलंसं बटण दाबलं आणि त्यातली शर्यतीची गाडी सुरू झाली. झालं! मग रोज दुपारी ओटा आवरला की आई पदर खोचून बसायची आणि ती लाल गाडी अशी हाणायची की खालच्या मजल्यावरच्या काकू विचारायला यायच्या, घरात सगळं ठीक आहे ना.

दिवाळीत भावाने त्याच खेळाची नवी सीडी आणली. पाकिटावर समुद्राकाठचा वळणावळणाचा रस्ता होता. पण आमच्या कॉम्प्युटरमध्ये वेगळं ग्राफिक्स कार्ड नव्हतं, त्यामुळे पडद्यावर रस्ता पांढरा, आभाळ पांढरं, समुद्र पांढरा, आणि मधोमध आईची लाल गाडी अधांतरी. आईने तरी चालवली. कोपऱ्यातल्या चिमुकल्या नकाशावर एक ठिपका हलायचा, त्याच्याकडे बघून. आणि चक्क पहिली आली.

"न बघता पहिली येतेस की!" बाबा म्हणाले.

"पहिली येऊन काय करू?" आई करवादली. "मला तो रस्ता बघायचाय."

म्हणजे कार्ड घेणं आलं, आणि आमच्या घरात कुकरपेक्षा मोठी कुठलीही खरेदी मामाशिवाय होत नसे. मामा विंचूरला कांद्याचा व्यापारी. रोज सकाळी लिलावात बोली लावायचा. आपल्याला जन्मात कोणी फसवलेलं नाही, हे तो स्वतःच सगळ्यांना सांगत असे.

मी तेव्हा कॉम्प्युटरची मासिकं वाचून घरातली तज्ज्ञ झाले होते, पण त्या कार्डांच्या नावांपुढे मीही हात टेकले. आधी दोन अक्षरं, मग चार आकडे, मग शेपटीला आणखी एखादं अक्षर. एक शेपूट लागलं की कार्ड पळायचं, दुसरं लागलं की लंगडायचं, आणि तिसरं लागलं तर काय व्हायचं ते दुकानदारालाही विचारायची सोय नव्हती. पण एक गोष्ट मला नक्की कळली होती. पहिला आकडा पिढीचा आणि दुसरा ऐपतीचा. म्हणजे सत्तेचाळीसशे हे गेल्या वर्षीचं पण दणकट, आणि त्रेपन्नशे हे यंदाचं पण नुसतं नावाला.

दुकानात दोन्ही एकाच किमतीला होती. मामाने दोन्ही खोकी तळहातांवर तोलली.

"हे जड हाय. वर पंखा बी हाय."

"मामा, पण त्यातला पहिला आकडा..."

"पोरी, मला एवढंच सांग. त्रेपन्न मोठं का सत्तेचाळीस?"

"त्रेपन्न. पण..."

"मग संपलं की!" मामाने दुकानाच्या शेठला टाळी दिली आणि सौदा मिटला. माझी मासिकं गेली चुलीत.

घरी आईने कार्डाला हळदकुंकू वाहिलं, मगच ते आत बसलं. शर्यत सुरू झाली. रस्ता दिसला, पण हप्त्याहप्त्याने. वळण दिसायचं, मग पडदा थिजायचा, आणि पुढचं चित्र येईपर्यंत गाडी भिंतीत. आई शेवटची आली. सेटिंग उतरवलं तर गाडी पळे, पण रस्ता आणि समुद्र दोन्ही पुसल्यासारखे होत.

"आंधळी होते तेच बरं होतं," म्हणून ती उठली, आणि पुढे कितीतरी दुपारी त्या खुर्चीकडे फिरकली नाही. भांडी मात्र फार जोरात घासू लागली. मला तिचं खरंच वाईट वाटत होतं, आणि मामाचा मनस्वी राग येत होता.

दुकानदार फोनवर म्हणाला, विकलेला माल परत घेत नाही. मला वाटलं मामाही तेच म्हणणार, एकदा बोली झाली की झाली. पण मामा पेटला.

"असं कसं? वरचा कांदा टपोरा बघून बोली लावली अन् खळ्यावर गाडी रिकामी करताना तळाला गोल्टी निघाली, बारकी बारकी, तर बोली तिथंच मोडती! फक्त माल विकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर रिकामा करावा लागतो."

आणि त्याने तो केला. कांद्याच्या पिकअपमध्ये मॉनिटर, डबा, कीबोर्ड, मी आणि आई असे सगळे चढलो. आईने लग्नकार्याची साडी नेसली होती. कांद्याची सालं अंगाखांद्यावर घेऊन आम्ही दुकानात शिरलो आणि मामाने सगळं काउंटरवर मांडलं.

"शेठ, गाडी रिकामी करतोय. ताई, बस. चालव."

दुकानात चांगली गर्दी होती. आई लाजली, मग स्टुलावर बसली, आणि सगळ्यांदेखत हप्त्याहप्त्याने भिंतीत गेली.

"काकू, सेटिंग थोडं कमी करा ना," शेठ म्हणाला.

"कमी केलं की रस्ता जातो," आई म्हणाली. "आकडा तुम्हाला ठेवा. मला रस्ता द्या."

गिऱ्हाईकं हसली. शेठने मुकाट्याने कार्ड काढून सत्तेचाळीसशे बसवलं. मामाला ते सोसवेना. मोठा आकडा देऊन लहान घ्यायचा म्हणजे मधला फरक कुठे गेला? शेवटी फरकापोटी त्याने एक माउसपॅड उचललं, तेव्हा कुठे त्याचा जीव शांत झाला.

पडदा उजळला. डांबरी रस्ता, कडेला माड, आणि पलीकडे निळाशार समुद्र, चक्क लाटांसकट. शिट्टी झाली आणि बाकीच्या गाड्या सुसाट सुटल्या. आईची मात्र बैलगाडीच्या चालीने निघाली. पहिल्या वळणावर तिने ती कडेला घेतली आणि थांबवली.

"काकू, दाबा, दाबा!" सगळं दुकान ओरडायला लागलं.

"ताई, पळव की! लय मागं राहिली!" मामा काउंटरवर हात आपटत होता.

आईने दोन्ही हात मांडीवर ठेवले होते आणि ती समुद्राकडे बघत होती.

"जाऊ दे त्यांना पुढे," ती म्हणाली. "ते रोजच येत असतील इथे."