हलक्या कामाचा शेरा

एका बाईंनी माझ्याकडे काम मागितलं आणि मी त्यांची चेष्टा केली, तीही सगळ्या कार्यालयासमोर. ती चूक माझी. वरून आलेल्या तपासणीच्या छापील नमुन्यावर ती ढकलता येत नाही.

मी साताऱ्यात सरकारी नोकरीत आहे. दिव्यांगांसाठी राखीव जागा भरल्या, पण पुढे त्या माणसांचं काय झालं, हे पाहायला आम्हा काही जणांना बाहेर पाठवलं होतं. माझ्या वाट्याला सांगलीकडची कार्यालयं आली. हेतू चांगला होता, हे मी आजही म्हणेन. तपासणीच्या नमुन्यात प्रश्न होते: जागा भरली का, उतार बांधला का, कठडा आहे का, प्रवासभत्ता मिळतो का. त्यातल्या एका कार्यालयात सगळ्या प्रश्नांना 'होय' होतं. उतारावरून कर्मचारी आपल्या मोटारसायकली चढवून सावलीला लावत होते, तरी उतार होताच.

बाई जन्मापासून अंध. तिशीच्या आसपासच्या, जवळच्याच गावातल्या जैन शेतकऱ्याच्या घरच्या, परीक्षा देऊन नोकरीला लागलेल्या. त्यांची खुर्ची खिडकीशी, पंख्याखाली, म्हणजे कार्यालयातली सगळ्यात चांगली. समोर संगणक होता, प्लास्टिकच्या आवरणाखाली.

"पडद्यावरचं बोलून दाखवतो त्यो," शेजारचे वयस्कर लिपिक मला म्हणाले. "पण दिवसभर बडबड. म्हणून बंद ठेवलाय. आवं साहेब, ताईंना आमी काडी उचलू देत न्हाई."

"ताईंची काही अडचण?" मी लिपिकांनाच विचारलं. ताई हातभर अंतरावर बसल्या होत्या.

"मला विचारा की," ताई म्हणाल्या. "साहेब, मला काम द्या. फोनवरची चौकशी द्या, टायपिंग द्या. सकाळी येते, चहा पिते, संध्याकाळी जाते. घरी आई विचारते, आज काय केलंस. काय सांगू तिला?"

तेवढ्यात चहा आला. मी कप उचलत म्हणालो, "अहो ताई, माझ्याकडे लोक काम कमी करा म्हणून येतात. तुमच्यासारखं नशीब कुणाला मिळतं?"

सगळे हसले. ताईही हसल्या, जरा उशिराने. शेऱ्यात मी लिहिलं: हलके काम दिले आहे, सहकारी सहृदय, स्थिती समाधानकारक. लिहिताना मला खरंच बरं वाटलं होतं.

पुढे तेच लिपिक बैठकीला साताऱ्याला आले, तेव्हा भेटले. "तुमच्या शेऱ्यानं बरं झालं बघा," ते म्हणाले. "ताई चौकशीची खिडकी मागत हुत्या. आमच्या साहेबांनी तुमचं लिहिलेलं वाचून दाखवलं. हलकं कामच बरं म्हणाले. आता ताई काय मागत न्हाईत. बोलतबी न्हाईत फारसं." त्यांच्या आवाजात काळजी होती. त्यांनाही वाटत होतं, आपण ताईंचं भलंच करतोय.

मला वाईट वाटलं. पण मी काहीच केलं नाही.

त्या रविवारी कोरेगावजवळच्या आमच्या गावी गेलो. थोरला भाऊ फौजेतून एक पाय गमावून आलेला. कृत्रिम पायावर तो बरा चालतो. विहिरीवरची मोटार चालू करायला तो उठला, तसा मी सवयीने म्हणालो, "दादा, तू बस. मी जातो."

तो बसला नाही. "पाय गेलाय रं माझा. हात हाय, डोकं हाय. आल्यापासनं घरात एकच चाललंय, तू बस, तू बस. लय जपता तुमी. गड्या, गोळी लागली तवा इतकं दुखलं नव्हतं."

तो गेला, मोटार चालू करून आला आणि चहा मागितला. मी मात्र तिथंच बसून होतो. दोन जिल्ह्यांत मी एकच वाक्य बोलत फिरलो होतो.

सोमवारी मी वरिष्ठांना लिहून दिलं की माझा शेरा चुकीचा आहे, बाईंना चौकशीचं काम द्यावं आणि नमुन्यात 'ही व्यक्ती दिवसभर कोणतं काम करते' हा प्रश्न घालावा, तोही त्या व्यक्तीलाच विचारावा. "स्वतःचाच शेरा खोडताय?" असं म्हणून त्यांनी कागद ठेवून घेतला. त्याचं काय होईल, मला माहीत नाही. प्रश्न वाढला तरी उत्तर कोण ऐकणार, हेही माहीत नाही.

मग रजा टाकून मी एसटीने सांगली गाठली. चेष्टा चहाच्या वेळी केली होती, म्हणून चहाच्याच वेळी पोचलो. सगळे जागेवर होते. लिपिक खुर्ची द्यायला उठले. मी बसलो नाही.

"कोण आलंय?" ताईंनी विचारलं.

"मी, साताऱ्याचा."

"हलक्या कामाचे साहेब," त्या म्हणाल्या. "चहा घ्या. इथं तेवढंच असतं."

या वेळी कुणी हसलं नाही. मी त्यांच्या टेबलापाशी गेलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "ताई, तुम्ही काम मागितलं होतं. मी तुमच्याबद्दल दुसऱ्याला विचारलं, तुम्हाला हसलो, आणि तुमच्या वाटेत माझा शेरा आडवा घातला. माझं चुकलं. मला माफ करा."