रिकामा रकाना

पामर्स्टन नॉर्थच्या हॉस्पिटलात ऑपरेशनआधी पेशंटचा फॉर्म मी भरते. त्या दिवशीचे आजोबा युनिव्हर्सिटीत मध्ययुगीन शिलेदारांच्या प्रेमकथा शिकवून निवृत्त झालेले. मनगटाला विटलेली हिरवी रिबीन. काढायला सांगितली, तर नीट घडी करून माझ्या हातात दिली.

"घरचं कुणी? कुणाला कळवायचं?"

"आहे एक जण. पण आमच्या कथांतला शिलेदार प्रेयसीची रिबीन मनगटाला बांधतो, तिचं नाव कधी सांगत नाही."

"आणि काही बरंवाईट झालं तर?"

"मग तर नाहीच."

मी वैतागून तो रकाना रिकामा सोडला. मग आई आठवली. बाबांचं नाव ती फक्त उखाण्यात घ्यायची, तेही लाजत.

ऑपरेशननंतर गुंगीत ते एक नाव पुटपुटले, दोनदा. माझ्या खिशात पेन होतं, रिबीनही होती. मी रिबीन काढली आणि त्यांच्या मनगटाला बांधली.