माझ्या कुलपाची दुसरी किल्ली

मरायचं काम मला मिळालं तेव्हा वर्गात कुणालाच नवल वाटलं नाही. खालापूरला सोलर पॅनल बसवणाऱ्यांसाठी विजेच्या सुरक्षिततेचं प्रशिक्षण होतं आणि शिकवणाऱ्या बाईंना शॉक लागलेला माणूस हवा होता. जत्रेतल्या नाटकांत मी इतक्या वेळा मेलो आहे की मला तालमीची गरज नव्हती. सतरंजीवर असा काही तडफडलो की मागचे लोक उठून बघायला लागले. माझ्या मेहुण्याने कोरड्या बांबूने मला तारेपासून ढकलायचं होतं. बांबू त्याच्या पायाशीच होता. पण तो "दाजी" म्हणत धावला आणि त्याने माझा हातच धरला.

"झालं," बाई म्हणाल्या. "आता दोघांच्याही बायकांना निरोप पाठवा."

सगळे हसले. मला मात्र मेल्या मेल्या बरं वाटलं. आम्ही दोघं मिळून कर्जत-खालापूर भागातली कामं घेणार होतो. मला काही झालं की ज्याला नियमही आठवत नाहीत, असा जोडीदार मिळणं म्हणजे नशीबच.

शेवटी बाईंनी प्रत्येकाला एकेक लाल कुलूप दिलं. मेन स्विच बंद करायचा, त्याला आपलं कुलूप ठोकायचं आणि मगच वर जायचं. "याला किल्ली एकच, आणि ती तुमच्या खिशात. जोडीदाराला द्यायची नाही, मालकाला नाही, बायकोलाही नाही. तुम्ही खाली येईपर्यंत वीज चालू करायचा हक्क जगात कुणालाच नाही."

हे मला फार आवडलं. घरात माझा टीव्हीच्या रिमोटवरसुद्धा हक्क नाही.

पुढे कडावला एका दूधवाल्याच्या गच्चीवर आम्ही पॅनल बसवली. एवढंच उरलं होतं, की गच्चीवरच्या पेटीत सोलरची वायर घराच्या लायनीला जोडायची. मी खाली मेन स्विच बंद केला, कुलूप लावलं, मेहुण्याला खालीच ठेवून वर गेलो आणि टेस्टर लावून पाहिला. लाईन मेलेली होती. पकड पॅनलांपाशी राहिली होती, ती आणायला गच्चीच्या दुसऱ्या टोकाला गेलो. परत येऊन पुन्हा टेस्टर लावला, कारण बाईंनी सांगितलं होतं, हात लावण्याआधी दर वेळी बघायचं.

टेस्टरचा दिवा पेटला.

नाटकात अशा वेळी मी छातीवर हात ठेवून दोन पावलं मागे सरतो. तिथे नुसता उभा राहिलो. खिसा चाचपला. किल्ली होती. आणि खालून दुधाच्या मोठ्या फ्रीजची घरघर ऐकू येत होती.

मी खाली उतरलो. कुलूप उघडं लोंबकळत होतं. शेजारी मेहुणा, हातात किल्ली.

"पाचच मिंटं, दाजी. दूध नासत व्हतं यांचं. तुमी पॅनलांकडं जाताना दिसलात, म्हनलं तोवर..."

"ही किल्ली कुठली?"

"कर्जतला करून घेतली. वर तुमाला काय झालं नि किल्ली तुमच्या खिशात ऱ्हायली, तर आमी काय करायचं? काळजीपोटीच केली."

वीज बंद असताना मला वर काय होणार होतं, हे मी विचारलं नाही.

"आणखी कुणाला माहीत आहे?"

"ताईला. तीच म्हनाली करून ठेव. घराची किल्ली कितींदा हरवलीत तुमी."

दूधवाल्याला गप्प बसवेना. "मलाबी सकाळीच बोलले हे पावनं. काळजी करू नका, दुसरी किल्ली हाय आमच्याकडं."

म्हणजे माझ्या कुलपाला दुसरी किल्ली आहे, हे दहिवलीत घरी बसलेल्या माझ्या बायकोला माहीत, कडावात दूधवाल्याला माहीत. ज्याचा जीव त्या कुलपावर टांगलेला, तोच तेवढा अडाणी. सतरंजीवर माझा हात धरणारा हाच, आणि तेवढ्याच प्रेमाने त्याने मला मारायची सोय करून ठेवली होती.

मी ओरडलो नाही. माझं कुलूप काढून खिशात टाकलं.

"आता जोडणी तू कर. मी खाली थांबतो."

त्याने मान हलवली. मेन बंद केला, स्वतःचं कुलूप लावलं, किल्ली खिशात घातली. लोखंडी शिडीवर एक पाय ठेवला आणि तिथेच थांबला.

"दाजी."

"काय रं?"

"माज्या कुलपाची दुसरी किल्ली तुमी नाय ना करून घेतलीत?"

घेतली नव्हती. एका शब्दात सांगता आलं असतं. आधी गंमत म्हणून गप्प राहिलो. मग बोलायला गेलो तर खरंच बोलवेना. तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला, आणि त्याने शिडीवरचा पाय सावकाश खाली घेतला.

दूधवाल्याने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"मंग आता वर चढनार कोन?"