ती नोंद खरी होती

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, बहिणीला नाही. ज्याला सांगायला हवं होतं, त्याला तर नाहीच.

मी निपाणीची. पीएचडी झाल्यावर बेंगळुरूला पोस्टडॉक म्हणून आले. आमच्या प्रयोगशाळेत एकच प्रश्न होता — मेंदू श्वास कसा चालवतो? आपण झोपलो, विसरलो, तरी तो कसा विसरत नाही? उंदराचा मेंदू जिथे मज्जारज्जूला जोडलेला असतो, तिथला पातळ काप आम्ही क्षारांच्या पाण्यात जिवंत ठेवायचो. फुप्फुसं नाहीत, छाती नाही — तरी तो काप श्वासाचा ताल धरून असतो. पडद्यावर ठरावीक अंतराने विजेची एक उसळी. मधूनच एखादी दुप्पट मोठी. तो उसासा.

मंजुनाथ त्या उसाशांवर काम करायचा. घर बेंगळुरूजवळच्या आनेकलला, नाव कानडी, घरातली भाषा मात्र मराठी — त्याचं घराणं कैक पिढ्यांपूर्वी इकडे आलेलं. पहिल्या दिवशी त्याने मला ‘अक्का’ म्हटलं, कारण मी वर्षभराने मोठी. अक्का नको म्हणूस, मी हसत सांगितलं. का सांगितलं, ते तेव्हा कळलं नव्हतं मला. — खरंच कळलं नव्हतं का?

दिवसभर सगळे इंग्रजी नाहीतर हिंदी बोलायचे. दुपारी डबा उघडला की आमचं मराठी सुरू व्हायचं. त्याची आई माझ्यासाठी नाचणीची एक जास्तीची रागी रोटी द्यायची. ‘स्वल्प चटणी घे की,’ तो म्हणायचा, आणि मला वाटायचं, हे ऐकायलाच मी सकाळपासून थांबले होते.

तिसऱ्या वर्षी त्याला काहीतरी सापडलं. प्रत्येक उसाशाच्या जरा आधी, कापाच्या कडेला, मूठभर पेशी जाग्या होत होत्या. असं कुणी पाहिलेलं आमच्या ऐकिवात नव्हतं. पण कापावर पाणी फिरवणारा पंपही बारीक थरथर सोडतो, आणि ती नोंदीत घुसते. खरं काय आणि पंपाचं काय, हे ओळखण्यात माझा हात कुणी धरू शकत नसे.

“बघून सांग की, हे खरं हाय, का पंपाचं नाटक?” तो म्हणाला. “खरं असलं तर जूनमध्ये मी जातो.”

परदेशातल्या एका प्रयोगशाळेत त्याची जागा या निकालावर अडली होती.

तो नळ्या आणायला इथल्या शिवाजीनगरच्या बाजारात गेला. मी पंप बंद केला आणि पडद्याकडे बघत बसले. उसासा आला. त्याच्या आधी त्या पेशी जाग्या झाल्याच. पुन्हा करून पाहिलं. पुन्हा झाल्या. तिसऱ्यांदाही.

तो घामाघूम होऊन परतला, नळ्यांचं भेंडोळं खांद्यावर. काय झालं, असं नुसत्या भुवयांनी विचारलं.

“पंपच आहे रे,” मी म्हणाले. “बंद केला की जातं.”

तो खाली बसला. “सरी, ठीक हाय,” म्हणाला. एवढंच. त्याने स्वतः पंप बंद करून पाहिला नाही. मी पाहिलंय, हे त्याला पुरे होतं.

मत्सर होता का? नाही. मत्सर असता तर सांगायला सोपं गेलं असतं. मंजुनाथ जायला नको होता मला. ‘थांब’ म्हणायची हिंमत नव्हती — म्हणून ‘चुकलंय’ म्हणाले.

आठ महिने मिळाले. पंपाशिवाय, वरून थेंबाथेंबाने पाणी सोडणारी नवी मांडणी त्याने उभी केली. मी तारा जोडल्या, नळ्या कापल्या. एका रविवारी त्याने मला आनेकलला नेलं. त्याच्या आईने शेजारी बसवून जेवू घातलं. इतकी सुखात मी आधी कधी नव्हते, नंतरही नाही. कशाच्या जिवावर — ते मला रोज ठाऊक होतं.

नव्या मांडणीवर पहिल्याच आठवड्यात त्या पेशी दिसल्या. “अगं, हाय की हे,” तो हळूच म्हणाला. मी आनंद दाखवला. पंधरा दिवसांत परदेशातल्या दुसऱ्याच एका गटाचा शोधनिबंध आला. त्याच पेशी, तोच उसासा. मंजूने तो शेवटपर्यंत वाचला. त्याची तिकडची जागा तोवर कुणाला तरी दिली गेली होती, आणि इथली फेलोशिप संपत आली होती.

निरोपाच्या दिवशी तो सगळ्यांसमोर म्हणाला, “दुसऱ्यांचं आधी आलं, येऊ दे. आपलं काम स्वच्छ झालं. ते हिच्यामुळं.” त्याला कधीच शंका आली नसेल? मला माहीत नाही.

आता तो आनेकलजवळ एका कॉलेजात शिकवतो. बायको आहे, लहान मुलगी आहे. मी बेंगळुरूतच, एचएसआर लेआउटमध्ये, रुग्णांना श्वास देणारी यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत. मधे बसने तासाभराचं अंतर. मी कधी गेले नाही.

गेल्या महिन्यात त्याचा फोन आला. वर्गातल्या मुलांना तो माझं उदाहरण देतो म्हणे. माणसाला हवं तेच दिसतं, म्हणून आपलं काम विश्वासाच्या माणसाकडून तपासून घ्या — असं शिकवतो.

“बरं करतोस,” मी म्हणाले.

तेव्हा सांगता आलं असतं. पण सांगितलं असतं तर तो बोलायचा थांबला असता. मी त्याच्या मुलीचं विचारलं, आणि तो आणखी थोडा वेळ बोलत राहिला.