यान उतरवणारे काका

कुणाचाही फोटो काढण्याआधी काका एक डोळा मिटायचे, मान जराशी वाकडी करायचे आणि विचारायचे, "उजेड कुठून येऊन राह्यला?" समोरच्याने उत्तर द्यावं अशी त्यांची अपेक्षा नसायची. पण एका लग्नात नवरदेवाने घाबरून, "खिडकीतून, साहेब," असं सांगितलं आणि बिचाऱ्याचं सगळ्या मांडवात हसं झालं. काका मात्र गंभीरपणे म्हणाले, "बराबर सांगितलं त्यानं."

हिंगणघाटला बाजाराच्या गल्लीत त्यांचा फोटो स्टुडिओ होता. पासपोर्ट फोटो, बारशी, लग्नं यांवर घर चालायचं. तुम्ही त्या गल्लीतून गेला असाल, तर काचेमागे नवरा-नवरींच्या मधोमध लावलेली अंतराळयानं बघून तुम्हीही थबकला असाल. ती यानं काकांनी घरी बनवलेली. नव्वदच्या दशकात विज्ञानकथा वाचता वाचता त्यांना हा नाद लागला. पावडरचे डबे, पेनांची टोपणं, रोलच्या रिकाम्या डब्या एकमेकांना चिकटवायच्या, चंदेरी रंग द्यायचा, काळ्या मखमलीपुढे दोऱ्याने टांगायचं आणि फोटो काढायचा. काकू म्हणायच्या, "या माणसाच्या घरात डब्याले झाकण नाई राहत."

मी त्यांच्याकडे कामाला लागले तेव्हा नुकतीच माहेरी परत आले होते. नवऱ्याचा हात उठायचा. गल्लीतल्या बायका चौकशा करत, म्हणून मी संगणकाच्या क्लासला जाऊ लागले. तेवढाच वेळ घराबाहेर. काकांनी त्याच सुमारास संगणक आणि स्कॅनर घेतला होता आणि त्यांना त्याची धास्ती वाटत होती. क्लासच्या सरांनी मला त्यांच्याकडे पाठवलं. काकांनी शिक्षण विचारलं नाही, सासर विचारलं नाही. यानाचा एक फोटो पुढे ठेवला. "यात काय दिसते?"

मी नीट बघितलं. "चहाच्या डब्याचं झाकण," म्हणाले, आणि लगेच वाटलं, गेली नोकरी.

काका खुर्चीत मागे रेलून हसले. "सारे जण छान आहे, छान आहे करतात. उद्यापासून येजो. झाकण दिसायचं बंद झालं, की समजायचं फोटो झाला."

दोरा ही त्यांची जुनी दुखरी जागा. काकूंचं काजळ लावूनही तो फोटोत कुठेतरी चमकायचाच. मी एक फोटो स्कॅन केला आणि शेजारचा काळोख उचलून दोऱ्यावर बसवत गेले. हळूहळू यान कुठल्याही आधाराशिवाय तरंगू लागलं. काकांनी पडद्यावर बोट फिरवून पाहिलं. "कुठं गेला?" एवढंच म्हणाले, आणि बाहेर गिऱ्हाईक खोळंबलेलं असताना तिथेच उभे राहिले.

मला चेव आला. दुसऱ्या दिवशी त्याच फोटोत मी डावीकडे एक झगझगीत सूर्य बसवला. काकांनी एक डोळा मिटला. "उजेड कुठून येऊन राह्यला?" यान तर उजव्या बाजूने उजळलेलं होतं. मी मुकाट्याने सूर्य उचलून पलीकडे नेला. तेव्हापासून मी आधी सावल्या बघते. अजूनही कुणाच्या घरी गेले की तेच करते.

एका हिवाळ्यात काकू, काका आणि मी गिरडला गेलो. तिथल्या दर्ग्याच्या टेकडीवर जायफळासारखे गोल दगड सापडतात. काकांना ती परग्रहाची जमीन वाटायची. दगडांत यान ठेवून ते कॅमेरा घेऊन पालथे झोपले. दर्ग्याला आलेली माणसं भोवती जमली. एका म्हाताऱ्या बाबांनी विचारलं, "काय करून राह्यले जी?"

"जहाज उतरवून राह्यलो."

"कोण्या गावचं?"

"लय दूरचं आहे, बाबा."

म्हाताऱ्याने मान डोलावली आणि बाकीच्यांना दटावलं, "सरका, त्याच्यावर सावली नका पाडू." काकू पदराआड हसत राहिल्या. मीही हसले. लग्नानंतर इतकं हसल्याचं मला आठवत नव्हतं.

तोच फोटो मी संगणकावर करत होते, तेव्हा माझा मोठा भाऊ स्टुडिओत आला. नवरा न्यायला तयार आहे, म्हणाला. घरच्यांचंही ठरलं आहे, उद्या निघायचं. मी माउसवरचा हात काढला. काका काउंटरमागून उठून आले. भावाशी नव्हे, माझ्याशी बोलले.

"तुले जायचं आहे काय?"

इतक्या महिन्यांत हे मला कुणीच विचारलं नव्हतं. "नाही," मी म्हणाले.

काका भावाकडे वळले. "ऐकलं ना? बस, चहा सांगतो."

भाऊ चहा न घेता गेला. त्या आठवड्यात घरी माझ्याशी कुणी धड बोललं नाही. आईला भेटायला काकू रोज येत राहिल्या. दोघी भाजी निवडत बसत, काय बोलत ते मला कधी कळलं नाही. पण जायचा विषय पुन्हा निघाला नाही.

वर्ध्याच्या छायाचित्र प्रदर्शनात तो फोटो लागला. बक्षीस मिळालं नाही. फोटोखाली मात्र काकांच्या नावाशेजारी, तेवढ्याच मोठ्या अक्षरात, माझं नाव होतं. भाऊ बघायला आला होता. तो फोटोपेक्षा नावाकडेच जास्त वेळ बघत राहिला. परत येताना बसमध्ये माझ्या शेजारी बसला आणि म्हणाला, "त्या दगडाची सावली लय खरी वाटते."

पुढे काकांच्याच आग्रहाने मी समुद्रपूरला स्वतःचा स्टुडिओ काढला. पहिल्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि म्हणाले, "पासपोर्ट फोटो पाह्यजे." आयुष्यभर कॅमेऱ्यामागे उभा राहिलेला माणूस स्टुलावर अवघडून बसला. हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळेना. मी हनुवटी जरा खाली घ्यायला सांगितली, त्यांनी घेतली. मी कॉलर नीट केली.

दोन-तीन वर्षांनी ते हृदयविकाराने गेले. मी हिंगणघाटला पोचले तेव्हा बैठकीत त्यांचा फोटो मांडलेला होता. मी काढलेलाच, मोठा करून. काकू म्हणाल्या, "त्यायचा एकट्याचा एवढाच आहे, पोरी."

हार घालायला मी पुढे झाले. काका सरळ माझ्याकडे बघत होते, मी सांगेन तसं बसायला तयार.