आंब्याच्या पेटीतले दयाळ

माझ्या थोरल्या भावाने आजारपणात एकच वस्तू बनवली, ती म्हणजे पाखरांचं घर. हा माणूस आयुष्यभर जहाजांवर सुतारकाम करत फिरला. मोठ्या बोटींतली लाकडी पायऱ्या-कपाटं त्याच्या हातची. तो शेवटी माझ्या मागच्या पडवीत बसून आंब्याच्या मोडक्या पेटीच्या फळ्या जोडत होता. दोन खिळे ठोकले की हातोडी मांडीवर ठेवायचा आणि धाप कमी व्हायची वाट बघायचा.

"ह्या कित्याक?" मी विचारलं.

"दयाळासाटी."

"आणि भाडां काय दितलो तो?"

"गाना म्हणतलो," भाऊ म्हणाला. "तुझ्या ह्या परसात फक्त तुझोच आवाज आयकाक येता."

मी भाव करून मोठी झालेली बाई आहे, त्यामुळे माझा आवाज मोठा आहे हे खरं. आठवड्याच्या बाजारात आमसुलांची एक टोपली घेऊन बसायला लागले तेव्हा मला कुणी विचारत नव्हतं. आज गोव्यातले दुकानदार माझ्याकडून आमसुलं आणि काजू उचलतात आणि माझ्याशी बोलायला बसण्याआधी पाणी पिऊन घेतात. लग्नाचं वय आईबापांचं करण्यात गेलं असं लोक म्हणतात. मी म्हणते धंद्यात गेलं. दयेपेक्षा ते बरं.

भावाला मी घरात घेतलं त्याचं कारण सांगते. गोव्यातल्या डॉक्टरांनी त्याला आता घरी न्या म्हणून सांगितलं, आणि त्याला घर असं उरलं नव्हतं. बायको आधीच गेलेली. मुलगी पोर्तुगीज पासपोर्ट काढून इंग्लंडात. तेव्हा तो एक बॅग आणि हत्यारांची पेटी घेऊन मालवणला माझ्या दारात आला. शेजारी म्हणाले, बहिणीचं काळीज. पण मला त्याच्याकडून एक उत्तर हवं होतं. आई गेली तेव्हा तो का आला नाही?

आई महिनाभर अंथरुणावर होती. गोव्याला त्याच्या घरी फोन केला तर त्याच्या बायकोने बोट समुद्रात आहे असं सांगितलं. ठीक आहे, समुद्रात असलेला माणूस काय करणार. आईला मी एकटीने पुसलं, भरवलं, एकटीने पोचवलं. तो पुढे काही महिन्यांनी आला, दफनभूमीत मेणबत्ती लावली आणि दुसऱ्या दिवशी परत गेला. आणि त्यानंतर चर्चमध्ये भेटलेल्या एका बाईने मला सहज सांगितलं की तुमच्या भावाला मी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात पाहिलं होतं, चोरिस, म्हणजे गोव्याची डुकराच्या मांसाची सॉसेजं, घेत होता. कधी, म्हणून मी विचारलं. तिने सांगितलं तो आठवडा आईचा शेवटचा आठवडा होता. इकडे आई जात होती आणि हा तिकडे बाजारात उभा राहून चोरिसाच्या माळा हातात धरून बघत होता.

मी त्याला कधी विचारलं नाही. धंद्यात मी एक गोष्ट सांभाळली आहे: पहिला शब्द समोरच्याला काढू द्यायचा. आधी बोलेल त्याचा भाव उतरतो. मी ठरवलं, तो स्वतःहून बोलेपर्यंत मी बोलणार नाही. त्यात वर्षं गेली. आणि आता त्याच्याकडे फार दिवस नाहीत हे आम्हा दोघांनाही माहीत होतं, तरी कुणी तोंड उघडत नव्हतं.

ते घर परसातल्या रतांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या झाडावर टांगलं. मी कामाच्या गड्याला शिडीवर चढवला आणि भाऊ खालून हात करत राहिला. जरा उजवीकडे, तोंड पश्चिमेला नको, वर पानांची सावली हवी. मी म्हटलं, भोक केवढं मोठं ठेवलंय, यातून मांजरसुद्धा जाईल. तो म्हणाला, तू आमसुलांचं बघ.

बरेच दिवस कुणी फिरकलं नाही. मैना आल्या, डोकावल्या, गेल्या. एक खार येऊन छपरावर बसायची. भाऊ रोज सकाळी पडवीत खुर्ची टाकून बसायचा आणि मी पेज घेऊन गेले की विचारायच्या आतच मान हलवायचा. मग एका सकाळी त्याने मान हलवली नाही, बोट तोंडावर ठेवलं. नर दयाळ पेटीच्या छपरावर बसला होता. काळाभोर, पोट पांढरं, शेपूट ताठ वर. त्याची मादी जरा फिकी, राखाडी. ती भोकाशी लटकून आत बघत होती. आत गेली, बाहेर आली, परत आत गेली. मी गिऱ्हाईक ओळखते. नको म्हणून निघून जाणारं आणि परत येणारं. ही घेणार, हे मला तेव्हाच कळलं.

काम सगळं तिचं. नारळाच्या सोडणाचा काथ्या, गवताची मुळं, माझ्या झाडूच्या काड्या, सगळं तीच ओढून आणायची. नर तारेवर बसून गायचा.

"बायलच सगळां करता," भाऊ म्हणाला. "हो नुसतो गाता."

"तुका आता कळला?"

तो हसला, मग खोकला आला, आणि ते तिथेच संपलं.

तेवढे दिवस आम्ही फक्त पाखरांबद्दल बोललो. त्याच्या दाढीचा आरसा मी फळं काढायच्या आकडीला बांधला आणि मादी बाहेर गेली की वर धरायचे. अंडी निळसर हिरवी होती, वर तपकिरी ठिपके. तो खुर्चीतून विचारायचा, "आसत?" मी म्हणायचे, "आसत." रतांबे पिकायला लागले. कामाच्या बायका टोपल्या घेऊन आल्या तेव्हा मी सांगितलं, बाकीची झाडं काढा, त्या झाडाला हात लावायचा नाही. त्या एकमेकींकडे बघायला लागल्या. माझ्याकडून पिकलेलं फळ झाडावर राहिलेलं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

पिल्लं बाहेर आल्यावर मात्र नरसुद्धा कामाला लागला. किडा, अळी, टोळ, जे मिळेल ते चोचीत धरून दोघं आळीपाळीने यायची. पेटीतून चिरचिर आवाज यायचा आणि भोकात पिवळी तोंडं दिसायची. भावाचं जेवण तोपर्यंत चमच्यावर आलं होतं. तो ते टाळण्यासाठी म्हणायचा, थांब, आधी त्यांचा होऊ दे.

मादीला शेजारणीच्या मांजराने धरलं. भर सकाळी, विहिरीच्या कडेला, ती किडा टिपायला जमिनीवर उतरली होती. मी धावेपर्यंत मांजर कुंपणातून पलीकडे. मी तशीच शेजारणीच्या दारात गेले.

"तुझ्या मांजराक बांधून घाल!"

"मांजर काय गाय आसा गो बांधूक?"

"मगे खावक घाल त्येका. तुझ्या घरात काय मिळणा नाय म्हणान ता माझ्या परसात येता."

"एका पाखरासाटी सकाळीच भांडाक इलंस? तुझ्या भावाक तरी बघ जरा, तो खुर्चेतसून उठता तो."

मागे वळून बघितलं तर भाऊ खरंच उठून उभा होता, पडवीच्या खांबाला धरून, आणि मला हाताने परत बोलवत होता. मी गेले. तो खाली बसला. मी म्हटलं, आता पिल्लं जगायची नाहीत.

पण नर येत राहिला. त्याचं गाणं बंद झालं. सकाळपासून काळोख पडेपर्यंत तो एकटा ये-जा करायचा. त्याचं अंग विस्कटलं, शेपटीचं एक पीस वाकडं झालं. भाऊ त्याच्यावरून नजर काढत नव्हता. एका दुपारी तो म्हणाला:

"बघ गो. एकटोच करता."

माझ्या तोंडातून निघून गेलं. "करतलोच. तो खंय म्हापशाक बाजाराक गेलोहा?"

इतकी वर्षं दात आवळून ठेवलेला शब्द असा पहिला माझाच सुटला.  नर आला, किडा दिला, गेला.

"तुका कोणी सांगल्यान?"

"कोणी सांगल्यान ता सोड. गेललंस काय नाय?"

"गेललंय," तो म्हणाला. "बोट गोव्यात इल्ली. माका बायकोन सांगल्यान आवशीक बरा नाय. म्हणान बाजारात जावन चोरिस घेतलंय. आवशीक आवडत."

"तिच्या घशातसून पाणी उतरना नव्हता! आणि तू चोरिस घेतलंस!"

"माका काय म्हायत ता?"

"मगे?"

"मगे गाडयेत बसलंय. कुडाळाक उतरलंय. थंयसून शेजाऱ्याक फोन केलंय." आमचा म्हातारा शेजारी, आता तोही नाही. "तो म्हणालो, येवन जा, पण ती आता कोणाक वळखणा नाय."

त्याला धाप लागली. मी पाणी दिलं नाही. मला वाटलं पाणी दिलं तर तो थांबेल.

"स्टँडावर बसलंय. मालवणची गाडी लागली, सुटली. दुसरी लागली."

"आणि तू?"

"बसान ऱ्हवलंय."

"कित्याक रे? कित्याक?"

"धा बंदरां फिरलंय," तो म्हणाला. "खंयच माका कोण वळखी नाय. एक ती वळखी. तिना माझ्याकडे बघून 'हो कोण?' म्हटला असता तर?"

संध्याकाळ झाली तेव्हा तो गोव्याच्या गाडीत बसला. चोरिस बाकड्यावरच राहिले.

त्याच्या प्रत्येक उत्तराला माझ्याकडे प्रत्युत्तर तयार होतं. रजा मिळाली नाही म्हणाला असता तर एक. बायकोने येऊ दिलं नाही म्हणाला असता तर दुसरं. दारू प्यालो होतो म्हणाला असता तर तिसरं, आणि ते सगळ्यात जहरी होतं. या उत्तराला माझ्याकडे काही नव्हतं. भित्रा, एवढंच मनात आलं. तेही मला म्हणता येईना, कारण तो खुर्चीत इतका लहान झाला होता.

मग त्याने विचारलं, "आवशीन माझा नाव काढल्यान?"

आता हे कुणालाच माहीत नाही, ते लिहिते. आईने शेवटी मला ओळखणं सोडलं होतं. मी तिला पुसायचे, कूस बदलायचे, चमच्याने पाणी घालायचे, आणि ती माझा हात धरून मला त्याच्या नावाने हाक मारायची. डॉक्टर आला की तोच. फादर शेवटचं पवित्र तेल लावायला आले तेव्हाही तोच. दारात कुणाचंही पाऊल वाजलं की मान वळवून त्याचंच नाव. माझं नाव एकदाही नाही. तो न येण्याचा राग माझ्यात होताच. पण त्याच्या खाली हा दुसरा राग होता, आणि तो जास्त जुना वाटायचा.

ती जगात एकाच माणसाला ओळखत होती आणि तो कुडाळच्या स्टँडवर बसून होता, ती ओळखणार नाही म्हणून. हे त्याला सांगितलं असतं तर माझा सगळा हिशेब एका वाक्यात चुकता झाला असता.

"नाय रे," मी म्हटलं. "तिका कोणाचाच नाव याद नव्हता."

"तुझापण?"

"माझापण."

त्यातलं माझ्यापुरतं खरं होतं. त्याचा चेहरा सैल पडला. "बरा झाला," तो म्हणाला आणि डोळे मिटले. मी त्याच्याकडे बघत राहिले. दया आली म्हणून मी खोटं बोलले की ते एक सुख त्याला द्यायचं नव्हतं म्हणून, हे मला तेव्हा कळलं नाही, अजून कळत नाही. कदाचित ते ऐकून तो मोडला असता. कदाचित तेच ऐकायला तो माझ्या दारात आला असेल.

पिल्लं उडाली त्या सकाळी तो जागा होता. नर समोरच्या फांदीवर चोचीत किडा धरून बसला आणि भोकाशी गेलाच नाही. पिल्लं ओरडली, थांबली, पुन्हा ओरडली. मग पहिलं बाहेर पडलं, कसंबसं फडफडत कुंपणावर आदळलं. मग बाकीची. भाऊ प्रत्येक वेळी खुर्चीचा हात घट्ट धरत होता. मी काठी घेऊन शेजारणीच्या मांजरावर डोळा ठेवून उभी होते. नर एकेकाकडे जाऊन घास देत होता. दुपारपर्यंत परस रिकामं झालं.

त्यानंतरही आमच्याकडे काही आठवडे होते. रोज संध्याकाळी मी त्याच्या शेजारी बसायचे आणि रोज आईच्या हाकांचं ते खरं तोंडाशी यायचं. त्याला बरं वाटत असेल तर वाटायचं, उगाच कशाला. त्रास होत असेल तर वाटायचं, आता नको. तो माझ्याशी चांगला वागायला लागला होता, हीच मोठी अडचण होती. चमचा तोंडाशी नेला की तो खायचा.

तो पावसात गेला. दफनभूमीत जागा कमी, म्हणून आईचीच कबर उघडली आणि त्याला तिच्यावर ठेवलं. लोकांनी माझे हात हातात घेतले, म्हणाले, तू दोघांचं केलंस. माझी मूठभर माती टाकायची पाळी आली तेव्हा ते वाक्य पुन्हा वर आलं. गिळलं. आता काय सांगायचं ते आईच त्याला सांगेल. ती दोघं एकमेकांना भेटली, आणि मी नेहमीसारखी बाहेर चिखलात उभी.