कर्नलसाहेब हरले ती सकाळ

गोल्फ शिकायला मी सुरुवात केली ती सेहेचाळिसाव्या वर्षी, नोएडात. मुलगी शिकायला बाहेर पडली आणि शनिवारची सकाळ एकदम रिकामी झाली. कोच म्हणाले होते, वर्षभर तरी आपल्या बरोबरीच्या लोकांशीच खेळा. आमच्या सोसायटीतल्या निवृत्त कर्नलसाहेबांना ते मुळीच पटलं नाही. "अपने से अच्छों के साथ खेलो, बेटा," म्हणत त्यांनी मला स्वतःच्या आणि दोन लष्करी मित्रांच्या कंपूत ओढलं.

पहिले काही महिने फार वाईट गेले. माझा बॉल झुडपात, मी तो शोधतेय आणि तिघं सभ्यपणे आकाशाकडे बघतायत. त्यांच्याइतका लांब मारायच्या नादात पाठ धरली आणि कोचने शिकवलेलं सगळं बिघडलं. म्हणजे कोच अगदीच चुकीचे नव्हते. पण कर्नलसाहेबांकडे बघून एक गोष्ट मात्र अंगात भिनली. फटका चुकला की ते काही न बोलता, जरा सावकाश चालत पुढे जायचे. मीही तशी चालू लागले आणि माझा खेळ सुधारला. दुसऱ्या हिवाळ्यात त्यांच्यापेक्षा मला चार-पाचच फटके जास्त लागत होते.

नोव्हेंबरात एकदा त्यांनी मित्राचाच बॉल मारला. सगळे हसलो. पुढच्या शनिवारी आठवा होल संपवून ते परत सातव्याकडे निघाले. मित्र बरेच पुढे गेले होते. मी हाक मारली, "सर, इकडे."

"हाँ हाँ, तुम्हारा टेस्ट ले रहा था," ते हसले. पण डोळे घाबरलेले होते. ते मी स्पष्ट पाहिलं आणि कुणालाही सांगितलं नाही.

डिसेंबरातल्या एका धुक्याच्या सकाळी शेवटच्या होलपर्यंत आमची बरोबरी होती. माझा बॉल आत गेला. त्यांचा दोन हातांवर होता. ते वाकून उभे राहिले, बराच वेळ. मग हळूच मला म्हणाले, "किधर मारना है?"

होल त्यांच्या पायांसमोर होता. दुसरं कुणी फटका मारत असताना बोलायचं नसतं, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. त्या नियमाच्या आड मी गप्प उभी राहिले. बॉल भलतीकडे गेला. एका फटक्याने मी जिंकले. लांब उभ्या असलेल्या मित्रांनी टाळ्या वाजवल्या, आणि कर्नलसाहेबांनीही. येताना मी घरी जिलेबी आणली.

जानेवारीत ते दिल्लीत करोल बागेत जातो म्हणून गाडी घेऊन निघाले आणि संध्याकाळी भलत्याच दिशेला, गाझियाबादेत सापडले. त्यांना घरचा पत्ता सांगता येत नव्हता. दुसऱ्या दिवशी त्यांच्या पत्नीचा फोन आला. "आप तो हर हफ्ते साथ होती थीं. कुछ लगा था आपको?"

"नहीं, आंटी. बिल्कुल नहीं," मी म्हणाले.

त्यानंतर खेळायला उभी राहिले की मागून कुणीतरी हळूच दिशा विचारतंय असं वाटायचं. मी वळून बघायचे. मागे गवत असायचं. ऑफिसात, लिफ्टमध्ये, भाजी चिरताना, कुठेही तो आवाज यायचा.

मार्चमध्ये एका दुपारी न राहवून मी कर्नलसाहेबांच्या घरी गेले. ते आतल्या खोलीत होते. आंटी चहा ओतत होत्या, तेवढ्यात मी बोलून टाकलं. डोळे, आठवा होल, तो शेवटचा फटका, सगळं. "मी नोव्हेंबरातच ओळखलं होतं. जिंकायचं होतं म्हणून गप्प बसले," असं हिंदीत, अडखळत सांगितलं.

त्यांनी चहाचं भांडं खाली ठेवलं. मला वाटलं, आता जा म्हणतील.

"मुझे अगस्त में दिख गया था," त्या म्हणाल्या. "मैंने डॉक्टर को नहीं बताया. डॉक्टर को बताती तो बात सच हो जाती."

आत कर्नलसाहेब कपाट उघडत होते, बंद करत होते, पुन्हा उघडत होते. आम्ही ऐकत बसलो.